मे महिन्यात गावी जाताय? दुर्बीण बरोबर घ्या

"उन्हाळ्यात कोकणात पक्षी कुठले? ते थंडीत यायचं." दर वर्षी कुणीतरी मला हे ऐकवतं, आणि ऐकवणारा बहुधा जाणकार असतो. त्याचं अर्धं खरं आहे. किनाऱ्यावर थंडीत जे थवे उतरतात ते मे उजाडेपर्यंत उत्तरेला निघून जातात. पण शाळांना सुट्टी लागते एप्रिल-मेमध्ये, तिकिटं निघतात ती त्याच महिन्यांची आणि आजोळी सगळे जमतात तेही तेव्हाच. तेव्हा मे महिना पदरात घेऊन त्यातून काय साधतं ते बघणं बरं. गेली कित्येक वर्षं मी सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या खाडीकडल्या आजोळी हेच करत आलो आहे. बऱ्याच चुका करून झाल्या, त्यातल्या काही इथे येतीलच.

आधी ठरवा: तुम्हाला कुणाला भेटायचंय?

कोकणच्या उन्हाळ्याचे पक्ष्यांच्या दृष्टीने तीन तुकडे पडतात.

पहिला तुकडा एप्रिलच्या मध्यापर्यंतचा. निघायच्या तयारीतले पाहुणे अजून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, असतात, आणि लग्नाच्या कपड्यांत असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं थंडीभर पांढरं असतं, कानामागे फक्त एक काळा ठिपका. नाव वाचून नवशिका चक्रावतो. मार्च-एप्रिलमध्ये ते डोकं गडद चॉकलेटी होतं आणि नाव एकदाचं पटतं. थंडीत मातकट दिसणाऱ्या छोट्या चिखल्यांच्या छातीवर विटकरी रंग चढतो. थंडीत काढलेल्या शंभर फोटोंपेक्षा एप्रिलमधला असा एक फोटो मला जास्त प्यारा आहे. मे लागला तरी दोन-चार चिखले, तुतारी किनाऱ्यावर दिसतात. ही बहुधा पहिल्या वर्षाची पोरं. ती विणीला जात नाहीत, उन्हाळा इथेच काढतात.

दुसरा तुकडा मेच्या पहिल्या तीन आठवड्यांचा. हा इथल्या रहिवाशांचा. दयाळ माडाच्या शेंड्यावर बसून पहाटे साडेपाचला गायला लागतो, तांबटाची टुकटुक दुपारीही थांबत नाही, कोकिळ सगळ्या वाडीला उठवतो, 'पेरते व्हा' म्हणत पावशा रात्री-अपरात्री ओरडतो. पानं गळलेल्या झाडांवर पक्षी उघडे दिसतात, पाणी आटल्यामुळे ते ठराविक जागी येतात आणि फळलेल्या झाडांवर गर्दी होते. नुसतं बसून राहणाऱ्याला याहून सोयीचा महिना नाही.

तिसरा तुकडा साधारण २५ मेपासून मृगापर्यंतचा. आभाळ भरून यायला लागतं आणि नवरंग येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू आली की समजायचं. ओढ्यांच्या काठी तिबोटी खंड्या दिसायला लागतो. आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येणारा चातकही याच सुमाराला पोचतो. सुगरणीचा नर आता पिवळाधमक झालेला असतो आणि पहिल्या पावसाबरोबर घरट्याला हात घालतो. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणीचा जो अभ्यास केला तो याच किनाऱ्यावर. एक नर एकामागून एक घरटी विणतो आणि दर घरट्यागणिक नवी मादी मिळवतो, हे त्यांनी तिथे नोंदलं. सुट्टी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ताणता येत असेल तर जरूर ताणा.

मग पंचांग उघडा

पुळणीवर किंवा खाडीत जायचं तर घड्याळाआधी भरती-ओहोटी बघावी लागते. मोबाइलवर तक्ते मिळतातच. पण कोळी आणि गाबीत मंडळींचा जुना आडाखा डोक्यात असला की कॅलेंडर बघूनच सुट्टीचे दिवस ठरवता येतात. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि ओहोटी दोन्हींच्या मध्ये. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो. मुंबईपेक्षा सिंधुदुर्गाकडे पाणी आधी चढतं, म्हणून निघण्यापूर्वी त्या गावचा तक्ता बघून घ्याच.

आता याचा उपयोग. पाणी ओसरलेलं असतं तेव्हा किनाऱ्यावरचे पक्षी दूर, चिखलाच्या टोकाशी पांगलेले असतात. भरती चढायला लागली की पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. तुम्ही त्यांच्याकडे चालत गेलात तर ते उडतील. तुम्ही बसून राहिलात आणि समुद्र त्यांना घेऊन आला, तर ते पंधरा पावलांवर येऊन चरतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सोन्याचे.

पुळणीसाठी माझी लाडकी तिथी एकादशी किंवा द्वादशी, शुद्ध असो वा वद्य. सव्वाआठ-नऊला भरती, म्हणजे सहापासून पाणी चढतंय आणि ऊनही कोवळं आहे. खाडीसाठी चतुर्दशी ते पौर्णिमा-अमावास्या. दुपारी पावणेपाच-साडेपाचच्या सुमाराला उधाणाची ओहोटी असते, चिखल लांबवर उघडा पडतो आणि बगळे त्यावर कामाला लागलेले असतात.

ऊन कुठून येतं ते बघा

फोटोवाल्यांसाठी कोकणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि नेमकी ती कुणी सांगत नाही. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी समुद्राकडे बघत उभे राहिलात तर सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यावर समोरून उजेड पडतो. संध्याकाळी तोच किनारा, तोच पक्षी, पण सूर्य पक्ष्याच्या मागे. हाती लागते ती काळी आकृती. सूर्यास्ताला पुळणीवर दोनशे माणसं फोटो काढत असतात, आणि पक्ष्यांसाठी ती वेळ फुकट असते. सूर्यबिंबापुढून जाणारा बगळ्यांचा थवा हवा असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून सकाळी पुळण आणि संध्याकाळी खाडीचा आतला भाग, तोही पूर्वेकडे तोंड करून. मेच्या मध्यात सूर्य सहाच्या आसपास उगवतो, पण किनाऱ्यावर माड आणि सुरू आडवे येत असल्यामुळे पुळणीवर ऊन पोचायला पावणेसात होतात. तोवर उगाच कॅमेरा चालवू नका, दुर्बिणीतून कोण कुठे आहे ते बघून ठेवा. साडेआठ-नऊनंतर वाळू तापते आणि तिच्यावरची हवा थरथरायला लागते. तेव्हा लांबचा पक्षी कितीही भारी लेन्सने टिपला तरी फोटो पाण्यात बघितल्यासारखा येतो. लेन्स बिघडली म्हणून दुरुस्तीला नेणारे मी पाहिलेत. बिघडलेली असते ती हवा. सरळ घरी जाऊन घावणे खा.

सामान

दुर्बीण ८×४२. इथला पहिला आकडा पक्षी किती पट मोठा दिसेल तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. १०×४२ सुद्धा चांगली, पण हात थोडा हलला तरी चित्र जास्त हलतं, आणि होडीत ती वैताग देते. घरात एकच वस्तू घेणं जमत असेल तर कॅमेऱ्याआधी दुर्बीण घ्या. हे मी फोटोग्राफर असूनही सांगतोय.

कॅमेऱ्याला निदान ३०० मिलिमीटरची लेन्स हवी. १००-४०० किंवा १५०-६०० असेल तर उत्तमच. लेन्स न बदलता लांबचं टिपणारे ब्रिज कॅमेरे घरच्यांबरोबरच्या सहलीला फार सोयीचे, कारण पिशवी हलकी राहते. नुसता मोबाइल असेल तर तो दुर्बिणीच्या एका भिंगाला टेकवून फोटो काढता येतो. पहिले वीस वाया जातील, एकविसावा ओळख पटण्यापुरता येईल. आणि ५५-२५०सारख्या साध्या लेन्सने पक्षी छोटा, भोवतालचं कांदळवन मोठं असा फोटो घ्या. डोळ्याच्या बाहुलीपर्यंत घुसणाऱ्या फोटोंनी सगळे पडदे भरलेत. त्यातून तो पक्षी कोकणातला की कुठला, काही कळत नाही.

तिपाई (ट्रायपॉड) पुळणीवर निरुपयोगी. त्याऐवजी जाड कापडी पिशवी न्या आणि गावात पोचल्यावर तिच्यात उकडे तांदूळ भरून तोंड शिवून टाका. गडग्यावर, खिडकीवर, वाळूवर, कुठेही लेन्स टेकवता येते. निघताना तांदूळ परत. कपडे मळकट रंगाचे, सुती, पूर्ण बाह्यांचे. पांढरा सदरा घालून चिखल्याजवळ जायची आशा धरू नका.

दमट हवेचा इंगा

एका वर्षी मी हौसेने वातानुकूलित खोली घेऊन राहिलो होतो. पहाटे जाग आली ती नवरंगाच्या शिळेने, तीही अगदी कुंपणाशी. कॅमेरा उचलून धावत बाहेर आलो, आणि दोन सेकंदांत लेन्स, व्ह्यूफाइंडर, चष्मा, सगळ्यावर धुकं. पुसलं तर पुन्हा धुकं. नवरंग समोर तीन-चार मिनिटं पानं उलटीपालटी करत होता. त्याचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

थंड वस्तू दमट हवेत आणली की तिच्यावर बाष्प जमतं, एवढीच गोष्ट. उपाय साधा आहे. कॅमेरा बंद पिशवीत ठेवायचा, पिशवी अर्धा तास आधी बाहेर ओसरीवर ठेवायची आणि गरम झाल्याशिवाय उघडायची नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे कॅमेरा रात्री वातानुकूलित खोलीत ठेवायचाच नाही.

वाळू आणि खार हे दुसरे दोन शत्रू. पुळणीवर लेन्स बदलू नका, कितीही मोह झाला तरी. घरी आल्यावर आधी हवेच्या पंपाने वाळू उडवा, मग साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरचा भाग पुसा, म्हणजे खार निघतो. कोरडं फडकं थेट काचेवर फिरवलंत तर वाळूचा कण ओरखडा काढणारच. आणि गाडीच्या काचेपाशी उन्हात कॅमेरा ठेवून मासे आणायला जाऊ नका.

पहिला दिवस: मागीलदारी बसा

गावी पोचल्या दिवशी कुठेही धावू नका. घराच्या मागे, जिथे दुपारीही सावली असते, तिथे पाणी ठेवा. मे महिन्यात कोकणात यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, आणि याला एक रुपया लागत नाही.

मातीचं पसरट परळ घ्या किंवा कुंडीखालची थाळी. गुळगुळीत प्लॅस्टिक नको, पक्ष्याचा पाय घसरतो. पाणी कडेला अर्धं पेर, मध्ये फार तर दोन पेरं. थाळी खोल असेल तर आत एक सपाट दगड टाका. मी पहिल्यांदा ती जमिनीवर, जास्वंदीच्या बुडाशी ठेवली होती. मामी चुलीकडूनच म्हणाली, "थंय ठेव नको, मांजर बसता." बसलंच. तेव्हापासून दोन चिऱ्यांवर ठेवतो. मांजराला दबा धरता येईल असं झुडूप दोन मीटरच्या आत नको, पण पक्ष्याला सटकायला वर एखादी फांदी हवी.

थाळीच्या बाजूला, हातभर अंतरावर, काजूची किंवा आंब्याची एक सुकी काटकी खोचा. पक्षी थेट पाण्यात उतरत नाही, आधी काटकीवर बसून चारी बाजू बघतो. तोच तुमचा फोटो. काटकीच्या मागे चार-पाच मीटर तरी मोकळी जागा आणि मग हिरवळ हवी, म्हणजे पार्श्वभूमी मऊ येते. लगेच मागे भिंत किंवा वाळत घातलेले कपडे असतील तर थाळी हलवा.

थेंबांचा आवाज पक्ष्यांना लांबून ओढतो. पाण्याच्या बाटलीच्या बुडाला सुईने बारीक भोक पाडून ती थाळीच्या वर फांदीला टांगा आणि बूच जरासं सैल ठेवा. चार-पाच सेकंदांना एक थेंब पडला की पुरे.

तुम्ही बसायचं ते घरात, खिडकीमागे, काळोखात. गजांना जुनं लुगडं बांधून मध्ये लेन्सपुरती फट ठेवा. लेन्सचं तोंड खिडकीबाहेर काढू नका, हलणारी नळी त्यांना लगेच दिसते. पहिला दिवस नुसता जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी बुलबुल येतात. आधी लालबुड्या, मग शेंडीवाला शिपाई. त्यांनी निर्धास्त अंघोळ केली की बाकीच्यांना धीर येतो. शिंपी, दयाळ, सातभाईंची आख्खी टोळी, नारिंगी डोक्याचा कस्तूर. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी साडेचारनंतर येणं-जाणं जास्त. नशीब असेल तर अगदी शेवटी, उजेड मरता मरता, स्वर्गीय नर्तक येतो. तो बसून पीत नाही, फांदीवरून सूर मारून पाण्याला शिवतो आणि परत जातो, तीन-चार वेळा.

सावलीत उजेड कमी असतो. लेन्स तांदळाच्या पिशवीवर टेकवलेली असेल तर बसलेल्या पक्ष्याला शटर १/२५० सेकंद पुरतं, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ३२०० पर्यंत बिनधास्त चढवा. अंघोळीचे उडणारे थेंब गोठवायचे असतील तर १/१००० हवं, मग आयएसओ ६४०० झाला तरी होऊ द्या. फोटो थोडा दाणेदार आला तर चालतो, हललेल्याचं काहीच करता येत नाही. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात आणि घरचे तुमच्या छंदावर उठतात.

गावातलं फळलेलं झाड

आल्या आल्या घरात विचारा, "सध्या कुठला उंबर पिकलाय? वडाला फळं कुठे आहेत?" गुराख्याला आणि शाळकरी पोरांना हे पक्कं माहीत असतं. पिकलेल्या वड-पिंपळ-उंबरावर हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, तांबट, कुटुर्गा, कोकिळ, हळद्या, सगळे एका पंगतीला बसतात. दक्षिणेकडे कवड्या धनेशही येतो.

झाडाखाली उभं राहून मान मोडून घेऊ नका. खालून पोटंच दिसतात आणि मागे पांढरं आभाळ. कोकणातली घरं उतारावर असतात, त्याचा फायदा घ्या. पाखाडीने वर चढा आणि झाडाचा शेंडा डोळ्यांच्या रेषेत येईल अशी जागा शोधा. समोरासमोर पक्षी आणि मागे पलीकडचा हिरवा डोंगर. आभाळाच्या पार्श्वभूमीवरच काढायची वेळ आली तर एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एकने वाढवा, नाहीतर हरियालाचा कोळसा होईल.

पुळणीवर

पक्षी चरताहेत त्यांच्या पुढच्या दिशेला, बरंच अंतर ठेवून, ओल्या वाळूच्या वरच्या कडेला जाऊन बसा. जमलं तर पालथे पडा. लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर आली की चिखल्याच्या मागची वाळू विरघळून जाते आणि तो तुमच्या डोळ्यात बघतो. कोपरांखाली जुनं पोतं घ्या. मग हलू नका. पक्षी डोकं वर करून थांबला, मान खालीवर करायला लागला, तर तुम्ही जास्तच जवळ आहात.

चालणाऱ्या चिखल्याला शटर १/१०००, उडणाऱ्या सुरयाला १/२५००. अ‍ॅपर्चर (लेन्सचा झरोका) ६.३ ते ८. पांढरा बगळा काळपट कांदळवनासमोर असेल तर एक्सपोजर पाऊण ते एकने कमी करा, म्हणजे पिसं जळत नाहीत. चकाकत्या वाळूवरच्या मातकट चिखल्याला उलट, अर्धा-पाऊणने वाढवा. कॅमेऱ्याला यातलं काही समजत नाही, तो सगळं करडं करायला बघतो.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर घारी आणि बगळे हमखास. पण आधी रापणकरांना विचारा, दोरीला हात लावा, मग कॅमेरा काढा. मासे वेगळे करताना ब्राह्मणी घार डोक्यावरून दहा फुटांवरून झडप घालते. मालवणकडे एका मावशीने मला विचारलं होतं, "घारीचे फोटो कित्याक काढतंस रे? थय सुरमई बघ केवढी गावली ती!" सुरमईचाही काढला. हर्णैच्या बंदरात लिलावाच्या वेळी हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो.

मोकाट कुत्र्यांना आणि आपल्या पोरांना थव्यामागे धावू देऊ नका. एप्रिलमधले पाहुणे हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात, प्रत्येक उडवणुकीत ती खर्च होते.

खाडीत

होडीवाल्याला सांगा, इंजिन बंद करून वल्ह्यावर किंवा वाहत्या पाण्यावर न्यायचं. भाडं तासावर ठरवा, म्हणजे त्याला घाई राहत नाही. होडीत चार माणसंच बरी. लेन्स होडीच्या काठावर टेकवू नका, सगळा थरकाप तिच्यात उतरतो. हातातच धरा आणि शटर १/१६०० च्या खाली आणू नका. चोच केवढीच्या केवढी असलेला घोंगी खंड्या, करडा आणि पांढरा अशा दोन्ही रंगांत दिसणारा किनारी बगळा, उंच झाडावर बसलेला समुद्र गरुड, आणि दैव जोरावर असेल तर उदांचं, म्हणजे पाणमांजरांचं, कुटुंब. मेच्या अखेरीस समुद्र खवळायला लागला की होड्या वर ओढतात, तेव्हा हे आधी उरकून घ्या. चिखलात पायी उतरू नका. उधाणाची भरती मागून खाडीत शिरते आणि वाळूच्या पट्ट्यावर माणूस अडकतो.

सडा, ओढा आणि घरटी

इथे मी थोडा कडक बोलणार आहे. मे हा अंडी-पिल्लांचा महिना. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, टिटवी उघड्या कातळावरच चार अंडी घालते आणि ती अगदी खड्यांसारखी दिसतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की जिथे आहात तिथेच थांबा, पायाखाली बघा आणि आल्या वाटेने मागे फिरा. तुमच्या पंधरा मिनिटांच्या फोटोसाठी ती दुपारच्या उन्हात अंड्यांवरून उठून राहिली तर अंडी तापून मरतात.

धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एक फट तेवढी उघडी ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. तो नर घशात फळं घेऊन जवळच्या झाडावर बसून राहिला, ढोलीकडे जातच नाहीये, तर त्याचं कारण तुम्ही आहात. उठा आणि निघा. ओढ्याच्या दरडीत बीळ करणाऱ्या तिबोटी खंड्याचंही तेच. त्याच्या बिळासमोर वीस-वीस जण रांगेत बसलेले मी बघितलेत. घरट्याचे फोटो मी काढत नाही आणि घरट्याचा ठावठिकाणा कुणाला सांगत नाही. आवाज वाजवून नवरंगाला बोलावणंही सोडून द्या. विणीच्या दिवसांत तो प्रतिस्पर्धी आला असं समजून खाणंपिणं टाकून धावत येतो.

वेळास, आंजर्ल्याला एप्रिलपर्यंत कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात. तिथे फ्लॅश पूर्ण बंद आणि दोरीच्या अलीकडे. दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानात उन्हाळ्यात गोचिडांपासून माकडतापाचा धोका असतो. बाह्या खाली, विजार मोज्यांत खोचलेली, आणि घरी आल्यावर अंग तपासून अंघोळ.

कुठे जाल

आजोळ नसलेल्यांसाठी थोडक्यात. मुंबईहून एका दिवसात करायचं तर पनवेलजवळचं कर्नाळा, १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत पक्षी वर सरकतात. ठाणे खाडीत मेपर्यंत रोहित असतात. अलिबागला आक्षीची पुळण आणि तिच्या मागचं सुरूचं बन एकाच सकाळी बघून होतं, एप्रिलसाठी माझी पहिली पसंती तीच. मुरूडजवळचं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. तिथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात रान सुकलं की सगळं काही गाणीवर येतं, शेकरूसुद्धा. रत्नागिरीत भाट्याची खाडी. खाली देवबागला कर्लीचा संगम. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांची लाळेची घरटी चोरली जात असत, म्हणून निसर्गप्रेमींना पहारे बसवावे लागले. तिकडे विणीच्या दिवसांत होडी नेऊ नका, किनाऱ्यावरूनच हात जोडा.

नोंद ठेवा

ओळख पटवायला मर्लिन, नोंद ठेवायला ई-बर्ड, दोन्ही मोबाइलवरची अ‍ॅप्स आणि दोन्ही फुकट. मर्लिन आवाज ऐकून नाव सुचवतं, पण माडाच्या झावळ्यांची सळसळ आणि मिक्सर चालू असताना ते काहीही सांगतं, तेव्हा डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय लिहू नका. ई-बर्डवर पंधरा मिनिटांची यादी करा, दिसले तेवढे सगळे, आकड्यांसकट, कावळेही. मेच्या दुसऱ्या शनिवारी जगभर पक्षी मोजतात, त्या दिवशी तुमच्या वाडीची यादी पडली तर उत्तम. शहरांजवळच्या याद्यांचा ढीग आहे, कोकणातल्या आडगावांतून मेमधल्या याद्या मोजक्याच येतात.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना फोटो दाखवून पक्ष्याचं तिथलं नाव विचारा आणि वहीत लिहा. एकाच पक्ष्याला खाडीच्या दोन काठांवर दोन नावं सापडतात.

निघायच्या दिवशी थाळी उपडी करून ठेवा, किंवा रोज पाणी बदलायला घरातलं कुणी तयार असेल तर त्याच्या ताब्यात द्या. फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या, मगच कार्ड पुसा. कॅमेऱ्याची पिशवी सगळे कप्पे उघडे टाकून दोन तास उन्हात ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या बदला. पिशवीच्या शिवणीत राहिलेली खारी वाळू पावसाळ्यात ओल धरते, आणि गणपतीला कॅमेरा काढाल तेव्हा लेन्समध्ये बुरशी सापडते.